गोल अडवणारीची नोंद कुठे?

२ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत भारताच्या महिला हॉकी संघाने ऑस्ट्रेलियाला १-० असं हरवलं आणि ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पहिल्यांदाच पाऊल टाकलं. त्या सामन्यातली गुरजीत कौर सगळ्यांना आठवते. २२ वं मिनिट, भारताच्या वाट्याला आलेला एकुलता एक पेनल्टी कॉर्नर (समोरच्या संघाच्या चुकीबद्दल मिळणारी गोलची संधी), आणि ड्रॅग फ्लिकवर, म्हणजे स्टिकने ओढून भिरकावलेल्या फटक्यावर, चेंडू जाळ्यात. त्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाला सात पेनल्टी कॉर्नर मिळाले होते आणि त्यांतला एकही सत्कारणी लागला नाही, हे मात्र फार थोड्यांना आठवतं. गोलरक्षक सविता पुनियाचं नाव तरी झालं. तिच्या पुढे उभं राहून चेंडूच्या वाटेत धावणाऱ्या चौघींची नावं विचारली तर हॉकीचे नियमित प्रेक्षकही अडखळतात.

हा विसर प्रेक्षकांपुरता राहिला असता तर फारसं बिघडलं नसतं. पण आपली सगळी क्रीडाव्यवस्था याच विसरावर उभी आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज असो, राखीव जागेची नोकरी असो की निवड चाचणी, विचारणा होते ती पदकाची, प्रमाणपत्राच्या स्तराची आणि गोलांची. बचावपटूचं काम यांतल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. तिचा संघ हरला तर पदक नाही, जिंकला तर गोल दुसरीच्या नावावर. गोव्यात मुलींची हॉकी पुढे न्यायची असेल तर या नोंदीपासूनच सुरुवात करावी लागेल, आणि त्यामागोमाग अठरा ते पंचवीस या वयाची जबाबदारी घ्यावी लागेल, असं आमचं स्पष्ट मत आहे. मैदान, टर्फ म्हणजे कृत्रिम गवत, दिवे हे सगळं त्यानंतरचं.

असं का म्हणतो ते समजण्यासाठी बचावपटू घडते कशी, हे जरा तपशिलात पाहायला हवं.

हॉकीची स्टिक एकाच बाजूने सपाट असते आणि डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नियमात नाही. त्यामुळे प्रत्येक खेळाडूची उजवी बाजू भक्कम आणि डावी बाजू कच्ची असते. डावीकडचा चेंडू खेळायला स्टिक उलटी फिरवून रिव्हर्सने खेळावं लागतं. चांगली बचावपटू समोरून येणाऱ्या मुलीला आपल्या उजव्या हाताकडे जायला भाग पाडते. म्हणजे डावा पाय पुढे, उजवा मागे, गुडघे वाकलेले, पाठ शक्य तितकी सरळ आणि स्टिक जमिनीला टेकलेली. येणारीला वाटतं की वाट मोकळी आहे. प्रत्यक्षात ती स्वतःच्या कच्च्या बाजूने बचावपटूच्या भक्कम बाजूत शिरत असते. याला चॅनलिंग म्हणतात. हे नुसतं समजायला एक दुपार पुरते, पण सामन्याच्या ५५ व्या मिनिटाला, मांड्या भरून आलेल्या असताना तेच पाऊल आपोआप पडायला चार-पाच वर्षं जातात.

यातही उजव्या बाजूची बचावपटू म्हणजे उजवा बॅक आणि डाव्या बाजूची म्हणजे डावा बॅक यांत मोठा फरक आहे, आणि शाळेच्या पातळीवर तो सहसा कुणी पाहत नाही. उजव्या बॅकच्या उजवीकडे मैदानाची कडेची रेषा असते. तिने प्रतिस्पर्ध्याला उजवीकडे ढकललं की रेषा तिच्या मदतीला येते. डाव्या बॅकचं उलट आहे. तिच्या डावीकडे रेषा, म्हणजे बाहेर ढकलायचं तर रिव्हर्स बाजूने टॅकल, म्हणजे चेंडू काढून घेण्याचा प्रयत्न, करावा लागणार, आणि उजवीकडे ढकलायचं तर प्रतिस्पर्धी थेट मैदानाच्या मध्यात, डीच्या, म्हणजे गोलपुढच्या अर्धगोलाच्या, तोंडाशी येणार. प्रत्येक वेळी या दोन अडचणींतली कमी धोक्याची कोणती, हे तिला क्षणात ठरवावं लागतं. म्हणून डावा बॅक घडायला जास्त वेळ लागतो. आणि आपल्याकडे होतं काय, तर संघात उरलेल्या सगळ्यात नवख्या मुलीला तिथे उभं केलं जातं.

टॅकलचंही तसंच. जॅब म्हणजे डाव्या हाताने स्टिक पुढे फेकून चेंडूला खालून टोचणं. चेंडू हिसकावणं हा त्याचा पहिला उद्देश नाही. समोरचीची नजर खाली जावी आणि तिचा वेग तुटावा, एवढ्यासाठीच तो असतो. नवखी मुलगी जॅब मारताना सगळं वजन पुढच्या पायावर टाकते. जॅब हुकला की तिला मागे वळायला एक पाऊल जास्त लागतं, आणि तेवढ्यात समोरची निघून गेलेली असते. प्रशिक्षक ओरडतो, ‘घाई करू नकोस’. पण घाई का होते हे सांगत नाही. अंतर चुकतं म्हणून घाई होते. स्टिक आणि हात मिळून जेवढं अंतर होतं त्याच्या बाहेर समोरचीला ठेवलं की घाई करावीच लागत नाही. हे अंतर रोज पंधरा मिनिटं, एकीला एक अशा जोड्या लावून, नुसतं मागे सरकत राहण्याच्या सरावातून अंगात मुरतं. त्या पंधरा मिनिटांत चेंडू काढून घ्यायला बंदी असावी.

मग येतो ‘मी कुठे उभी आहे’ हा प्रश्न. टॅकलमधली तीच चूक आपल्या गोलरेषेपासून २३ मीटरवर आखलेल्या रेषेबाहेर झाली तर प्रतिस्पर्ध्याला फ्री हिट मिळते. २३ मीटरच्या आत जाणूनबुजून केली तर पेनल्टी कॉर्नर. डीच्या आत नकळत पायाला चेंडू लागला तरी पेनल्टी कॉर्नर, आणि जाणूनबुजून केलेल्या चुकीने किंवा होऊ घातलेला गोल चुकीने अडवल्याने पेनल्टी स्ट्रोक, म्हणजे एकट्या गोलरक्षकासमोर मारायचा फटका. स्वतःच्या गोलरेषेमागे चेंडू मुद्दाम घालवला तरी पेनल्टी कॉर्नरच. नकळत गेला तर खेळ २३ मीटरच्या रेषेवरून पुन्हा सुरू होतो. म्हणजे १४.६३ मीटर त्रिज्येच्या त्या डीत शिरताना बचावपटूच्या खेळाचा पोतच बदलायला हवा: स्टिक खाली, पाय मागे, शरीर चेंडूच्या रेषेबाहेर. सामन्यात तुमच्या संघाने किती गोल खाल्ले यापेक्षा किती पेनल्टी कॉर्नर दिले, यावरून बचावाची खरी पारख होते. हा आकडा आपल्याकडच्या शालेय स्पर्धेत कुणी लिहून ठेवत नाही.

आता पेनल्टी कॉर्नर. गोलरक्षकासह पाचजणी गोलरेषेमागे, बाकीच्या सहा मधल्या रेषेपलीकडे. चेंडू गोलखांबापासून १० मीटरवरून आत ढकलला जातो, डीबाहेर थांबवला जातो आणि मग फ्लिक. पुशपासून फ्लिकपर्यंत अवघा दोनेक सेकंदांचा खेळ. सरळ हिट असेल तर पहिला फटका गोलरेषेवर ४६० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे गोलच्या तळाशी असलेल्या फळीच्या उंचीपेक्षा वर जाऊ शकत नाही, पण ड्रॅग फ्लिकला ती मर्यादा नाही. चेंडूचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम. हाताला तो दगडासारखा लागतो.

पाचातली पहिली धावणारी, जिला फर्स्ट रशर म्हणतात, ती थेट फ्लिक मारणारीच्या दिशेने सुटते. ती कुठल्या रेघेने धावते यावर सगळं अवलंबून असतं. तिने मधोमध धाव घेतली तर स्वतःच्याच गोलरक्षकाची नजर झाकली जाते. फार बाजूने घेतली तर तिच्या स्टिकच्या आवाक्यात काहीच येत नाही. धाव अशी हवी की शरीर चेंडूच्या रेघेच्या डावीकडे आणि उजव्या हातातली स्टिक बरोबर रेघेवर, जमिनीलगत यावी. तिचं आणि गोलरक्षकाचं आधीच ठरलेलं असतं: ही बाजू तुझी, ती माझी. दुसरी धावणारी पहिलीच्या मागे तिरकी, परतून येणाऱ्या चेंडूसाठी आणि डावीउजवीकडे दिलेल्या पाससाठी. उरलेल्या दोघी खांबांजवळ. खांबावरची मुलगी गोलरेषेवरच खिळून राहिली तर चेंडू तिच्या स्टिकला लागूनही आत जातो, म्हणून तिने अर्धं-एक पाऊल पुढे यायचं असतं. हे पाऊल कधी टाकायचं यावरच सराव घ्यावा लागतो, दोनशे-तीनशे वेळा.

नियमातला एक बारकावा बचावपटूंनाच पक्का ठाऊक असतो. फ्लिकपासून पाच मीटरच्या आत असलेल्या रशरला पहिल्या फटक्यातला चेंडू गुडघ्याखाली लागला तर पुन्हा पेनल्टी कॉर्नर दिला जातो. नेहमीच्या उभ्या स्थितीत गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला तर फटका धोकादायक ठरतो आणि बचाव करणाऱ्या संघाला फ्री हिट मिळते. याचा अर्थ ती मुलगी संघासाठी अक्षरशः स्वतःचा पाय पणाला लावून धावत असते. तोंडाला जाळीदार मास्क, दाताला गार्ड, नडगीला शिनगार्ड, गुडघ्याला आणि हाताला संरक्षण, हे सगळं अनिवार्य मानलं पाहिजे. मास्क घालून खेळ पुढे चालू ठेवता येतो, मात्र २३ मीटरच्या रेषेबाहेर जाण्याआधी तो काढावा लागतो. तोही दोन सेकंदांत काढायचा सराव लागतो. शालेय संघाकडे अशा मास्कचे चार नग नसतील तर त्या संघाने ड्रॅग फ्लिकसमोर पेनल्टी कॉर्नरचा सराव घेऊच नये. हे वाक्य कडक वाटेल, पण एका तुटलेल्या जबड्यानंतर ते कडक वाटणार नाही.

दुसरं टोकही पाहू. १९ जानेवारी २०२४ रोजी रांचीत जपानकडून ०-१ असं हरून भारताच्या मुली पॅरिस ऑलिंपिकला मुकल्या. तो एकमेव गोल सहाव्या मिनिटाला, पेनल्टी कॉर्नरवर झाला. भारतालाही कॉर्नर मिळत गेले, पण गोल झाला नाही. टोकियोचं चौथं स्थान आणि रांचीचा पराभव यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्याचा मोठा भाग डीतल्या या दोन सेकंदांत मावतो.

हे सगळं अंगात मुरायला किती वर्षं लागतात, ते कारकिर्दींवरून दिसतं. ओडिशाच्या सुंदरगड जिल्ह्यातली दीप ग्रेस एक्का २२ व्या वर्षी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकात खेळली, आणि २७ व्या वर्षी टोकियोत संघाची उपकर्णधार होती. झारखंडच्या खुंटी जिल्ह्यातली निक्की प्रधान या दोन्ही ऑलिंपिकांत होती; त्या राज्यातून ऑलिंपिकला गेलेली ती पहिली महिला हॉकीपटू. हरियाणाची उदिता दुहान आधी पुढच्या आणि मधल्या फळीत खेळली आणि नंतर बचावात आली. नेदरलँड्सची मार्टिये पाउमेन बीजिंग २००८ आणि लंडन २०१२ ची सुवर्णपदकं घेऊन रिओत रौप्य जिंकली तेव्हा तिशीची होती. पॅरिस २०२४ मध्ये महिलांत सर्वाधिक गोल केले ते यिबी यान्सेन या बचावपटूने, नऊ. बचावात खेळणारी मुलगी साधारण अठराव्या वर्षी शिकायला खरी सुरुवात करते, बावीस-तेवीसला विश्वासाने उभी राहते आणि सत्तावीस-अठ्ठावीसला शिखरावर असते. पुढच्या फळीतली मुलगी निव्वळ वेगाच्या बळावर एकोणिसाव्या वर्षी चमकू शकते. बचावात तसं जमत नाही. तिथे किती हल्ले पाहिले, त्याला मोल असतं.

बाजाराला हे कळलेलं आहे. महिलांच्या पहिल्या हॉकी इंडिया लीगसाठी २०२४ मध्ये लिलाव झाला, तेव्हा सर्वांत महाग खेळाडू ठरली उदिता, ३२ लाख रुपयांना. तिच्याखालोखाल बोली लागली ती यान्सेनला, २९ लाखांची. दोघीही बचावपटू. पैसे मोजणारे संघमालक ज्या कामाला सर्वांत जास्त किंमत देतात, त्या कामासाठी आपल्या अर्जांत साधा रकानाही नाही.

आता गोव्याकडे येऊ. आपल्याकडे हॉकी अगदीच परकी नाही. मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्या गोमंतकीय कुटुंबांनी देशाला पिढ्यान्‌पिढ्या हॉकीपटू दिले. १९४८ च्या ऑलिंपिक सुवर्णविजेत्या संघाचे गोलरक्षक लिओ पिंटो हे त्यांतलं ठळक नाव. पण ते खेळाडू घडले गोव्याबाहेरच्या क्लबांत. इथे मैदानाची सोय आता झाली आहे. २०२३ च्या ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत हॉकीचे सामने म्हापशाच्या पेडे संकुलात झाले. स्पर्धा संपली की मैदान उरतं, आणि प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

सत्तरी, डिचोली किंवा पेडणे तालुक्यातल्या मुलीला म्हापशाच्या टर्फवर रोज सराव करायचा तर शाळा सुटल्यावर कदंबाची सरकारी बस धरून जायचं, आणि अंधार पडल्यावर परतायचं. वाळपईहून येणाऱ्या मुलीचे दोन-अडीच तास बसमध्येच जातात. आई-वडील नाही म्हणतात ते हॉकीला नव्हे, रात्रीच्या त्या परतीच्या बसला. म्हणून गावातल्या तांबड्या मातीवर सराव चालतो आणि स्पर्धेआधी चार-सहा दिवस टर्फ दाखवलं जातं. पुढच्या फळीतल्या मुलीला यातून थोडंफार सावरता येतं. बचावपटूचं मात्र नुकसान होतं. मातीवर चेंडू उसळतो, म्हणून तिला स्टिक किंचित उचलून ठेवायची आणि स्टिकमागे पाय आणायची सवय लागते. टर्फवर चेंडू जमिनीला चिकटून, दुप्पट वेगाने आल्यासारखा येतो. उचललेल्या स्टिकखालून तो निघून जातो, आणि स्टिकमागे आणलेल्या पायाला लागला की डीत पेनल्टी कॉर्नर. मातीवर शहाणपणाची असलेली सवय टर्फवर गुन्हा ठरते. आठवड्यातून दोन दिवस तालुक्याच्या ठिकाणाहून एक मिनीबस ठरावीक वेळेला सुटली आणि प्रत्येकीला घराजवळ सोडून गेली, तर हा प्रश्न बराचसा सुटतो. त्यासाठी नवं टर्फ लागत नाही.

टर्फच्या देखभालीबद्दलही बोललं पाहिजे. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने कृत्रिम पाणी मारायची गरज उरत नाही, हे खरं. पण त्याच ओलाव्यात शेवाळ धरतं, विशेषतः झाडांच्या सावलीतल्या कडेला आणि गोलखांबांमागे. बचावपटू सर्वांत जास्त वेळ तिथेच उभी असते. कडेच्या गटारात पाला साचला की पाणी डीतच तुंबतं. आठवड्यातून एकदा यंत्राने ब्रश मारणं, शेवाळनाशक फवारणं आणि सावली टाकणाऱ्या फांद्या मेमध्येच छाटणं, एवढं नेमाने केलं तर टर्फ आठ-दहा वर्षं टिकतं. नाहीतर निम्म्या काळात ते निसरडं होतं, आणि निसरड्या टर्फवर पहिला बळी गुडघ्याचा जातो.

गुडघ्याचा विषय बायकांच्या खेळात टाळून चालणार नाही. अचानक वळणं, थांबणं आणि दिशा बदलणं असलेल्या खेळांत गुडघ्यातला पुढचा लिगामेंट, ज्याला खेळाडू एसीएल म्हणतात, तो तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा दुपटीहून जास्त आढळतं. बचावपटू तर पूर्ण सामना गुडघे वाकवून, मागे सरकत आणि एका पायावर वळत खेळते. भारताची बचावपटू सुनीता लाक्रा रिओत खेळली, २०१८ च्या आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीत तिने नेतृत्व केलं, आणि टोकियो सहा-सात महिन्यांवर दिसत असताना जानेवारी २०२० मध्ये गुडघ्यामुळे तिला निवृत्ती घ्यावी लागली.

हा धोका पूर्ण टळत नाही, पण पुष्कळ कमी होतो, आणि तोही फुकटात. सरावाआधी वीस मिनिटं: हलकं धावणं, एका पायावर तोल, उडी मारून दोन्ही पायांवर मऊ उतरणं, गुडघा आत झुकू न देता बसकण, मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी जोडीदाराने घोटे धरून हळूहळू पुढे झुकायचा व्यायाम, आणि शेवटी वेगात धावून चार पावलांत थांबणं. आठवड्यातून किमान दोनदा, पूर्ण हंगामभर. बिघडतं कुठे, तर मुली उशिरा पोचतात आणि प्रशिक्षक हीच वीस मिनिटं कापतो. लिगामेंट तुटलाच तर शस्त्रक्रियेची सोय कुठे ना कुठे होते. त्यानंतरच्या नऊ महिन्यांची होत नाही. नऊ महिन्यांआधी मैदानात उतरू नये असं सांगितलं जातं, आणि त्या काळात आठवड्यातून दोन-तीनदा फिजिओथेरपी, मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या बरोबरीला येईपर्यंत व्यायाम, मग धावणं, मग वळणं, मग स्टिक, असा क्रम असतो. हा खर्च आणि हा प्रवास एकट्या घरावर पडतो तेव्हा मुलगी चौथ्या महिन्यात चालायला लागल्यावरच थांबते. तिला ‘खेळ सोडला’ असं म्हटलं जातं. तिने सोडलेला नसतो.

वयाचा मुद्दा तर सर्वांत महत्त्वाचा. गोव्यात दहावी-बारावीच्या मुलांना क्रीडागुण मिळतात. त्याने शाळांत खेळ जिवंत राहिला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या गुणांची ओढ बारावीला संपते, म्हणजे सतराव्या-अठराव्या वर्षी. बचावपटू घडायला सुरुवात होते नेमकी तेव्हाच. पुढे काहीच नसतं. कॉलेज, शिकवण्या, एखादी कारकुनीची नोकरी, आणि घरात हळूहळू लग्नाची बोलणी. ज्या राज्यांतून मुली देशाच्या संघात जातात, तिथे या वयात काहीतरी हाती असतं. ओडिशात खेळवसतिगृहं आहेत आणि २०१८ पासून त्या राज्याने राष्ट्रीय संघांचं प्रायोजकत्वच घेतलं. देशाच्या संघातल्या कितीतरी मुलींचा पगार रेल्वेकडून येतो. पगार असला की सत्तावीस वर्षांपर्यंत खेळता येतं, इतका साधा हिशेब आहे.

गोव्याने काय करावं? अठरा ते पंचवीस वयाच्या बारा मुली निवडाव्यात, त्यांतल्या किमान पाच बचावातल्या आणि एक गोलरक्षक. प्रत्येकीला महिना १५ हजार रुपये, तीन वर्षांच्या लेखी कराराने, आणि दुखापत झाली तरी करार चालू. वर्षाला २१ लाख ६० हजार. त्यावर एक पूर्णवेळ फिजिओ आणि बचावासाठी वेगळा प्रशिक्षक. चांगली कार्बन स्टिक दहा-पंधरा हजारांच्या घरात जाते आणि नेमाने खेळणारीला वर्षात दोन लागतात. ती रक्कमही यात धरावी. सगळं मिळून एखाद्या मोठ्या उद्‌घाटन सोहळ्याच्या मंडपाएवढाही खर्च होणार नाही. पदक मिळाल्यावर मोठी रक्कम जाहीर करण्यापेक्षा पदक मिळण्याआधी दरमहा छोटी रक्कम देणं बचावपटूला जगवतं.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींना उत्तर द्यायला हवं. पहिला: गोवा फुटबॉलचा आहे, त्यातच पैसा घालावा. फुटबॉल आपला आहेच आणि त्याचा एक पैसाही कमी करू नये. पण हॉकीचं मैदान आधीच बांधून झालं आहे. ते वापराविना शेवाळू देणं ही बचत नव्हे. शिवाय फुटबॉलच्या मैदानावर लहानपणापासून खेळलेल्या मुलीला जागा सांभाळणं, तिरकं मागे सरकणं, दोघींनी मिळून एकीला कोंडणं हे आधीच येत असतं. ती बाराव्या-तेराव्या वर्षी हॉकीत आली तर बचावात लवकर रुळेल.

दुसरा आक्षेप: एवढंसं राज्य, मुली येणार कुठून? २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती आणि मिझोरामची त्याहूनही कमी, ११ लाखांच्या आत. त्याच मिझोराममधल्या कोलासिबची लालरेमसियामी टोकियोत खेळली. तिच्याकडे पाहून पुढच्या मुली आल्या. आपल्याला लाखांची गरज नाही, चाळीस मुली दहा वर्षं टिकण्याची आहे.

आता पुन्हा त्या नोंदीकडे, कारण ती उद्यापासून सुरू होऊ शकते आणि तिला सरकारी आदेशाचीही वाट पाहावी लागत नाही. गणपतीची चवथ आटोपल्यावर शालेय स्पर्धा सुरू होतात. प्रत्येक सामन्याला कडेच्या टेबलावर गुणलेखक बसतोच. त्याच्या शेजारी आणखी दोघीजणी बसवाव्यात, एक-एक संघासाठी. त्या पूर्वी खेळलेल्या मुली असाव्यात, म्हणजे त्यांनाही मैदानाशी बांधून ठेवता येईल आणि त्यांतूनच उद्याच्या पंच तयार होतील. कागदावर बचावातल्या प्रत्येक मुलीच्या नावापुढे पाच रकाने: स्टिकने स्वच्छ जिंकलेले टॅकल, मधेच अडवलेले पास, तिच्या बाजूने प्रतिस्पर्धी डीत किती वेळा शिरला, तिच्या चुकीने गेलेले पेनल्टी कॉर्नर, आणि आपल्या २३ मीटरमधून तिने बाहेर काढलेले चेंडू, पैकी आपल्याच खेळाडूला किती पोचले.

शेवटच्या रकान्यावर थोडा भर देतो. बचावपटूची अर्धी किंमत चेंडू हाती आल्यानंतर कळते. घाबरून जोरात मारलेला चेंडू कडेला जातो आणि दहा सेकंदांत हल्ला पुन्हा अंगावर येतो. डोकं वर करून दिलेला पंधरा मीटरचा साधा पास हल्ला मोडतो. सुरुवातीला या नोंदींत चुका होतील. दोन लेखिकांचे आकडे जुळणार नाहीत. टॅकल जिंकला की समोरचीनेच चेंडू गमावला, यावर वाद होतील. पहिल्या हंगामात मधल्या विश्रांतीत दोघींनी कागद शेजारी ठेवून फरक पाहायचा आणि व्याख्या पक्क्या करायच्या. दोन हंगामांत आकडे स्थिर होतात.

मग निवड चाचणीच्या दिवशी निवडकर्त्यांपुढे एका डाव्या बॅकचा कागद असेल: आठ सामने, तिच्या चुकीने दोनच पेनल्टी कॉर्नर, आणि गोलांच्या जागी शून्य. त्या मुलीला हाक मारायची की नाही, हे मग त्यांना आकडा समोर ठेवून ठरवावं लागेल.